थाळ्यावरचा माल

'14 किलोमीटरचा दगड, औरंगाबाद–पैठण रोड, चितेगाव.' व्हिडिओकॉनचा नोंदणीकृत पत्ता हा असा होता, आणि त्या एका पत्त्यामुळे पैठण तालुक्यातल्या या गावाचं नाव मुंबईच्या शेअरबाजारापर्यंत गेलं. 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रस्त्यावरची वर्दळ मात्र काही हटली नाही. चितेगावच्या पुढे बिडकीन, बिडकीनला ऑरिक या औद्योगिक नगरीची हजारो एकर जमीन, आणि छत्रपती संभाजीनगरात कारखाना काढण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये राज्य सरकारशी केलेला करार. कारखाना यायच्या आधी खडीचे डंपर येतात आणि त्यांच्या मागोमाग ड्रम गरगरत चालणारे ट्रान्झिट मिक्सर. त्या ड्रमच्या आत काय असतं आणि ते चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे. दिवाळी अंकाला तो रुक्ष वाटेल. पण ज्या घरात बसून आपण फराळ करतो त्याचा स्लॅब याच मालाचा असतो.

गाडी साइटवर लागते. ड्रम उलटा फिरतो, पन्हाळीतून माल उतरायला लागतो, आणि मुकादम हमखास एक वाक्य म्हणतो.

"साहेब, माल घट्ट आलाय. जरा पाइप लावू का?"

साहेब बहुधा मान हलवतात. ऊन असतं, पंपाचं भाडं चढत असतं, मजूर घमेली घेऊन खोळंबलेले असतात. पाइप लावला की शंभर-सव्वाशे लिटर पाणी ड्रममध्ये जायला वेळ लागत नाही. आता हिशेब बघा. गाडीत 6 घनमीटर माल आहे. प्रत्येक घनमीटरमध्ये 380 किलो सिमेंट आणि 171 लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंटचं गुणोत्तर 0.45. वरून 120 लिटर पडले की घनमीटरमागे 20 लिटर वाढले आणि गुणोत्तर गेलं 0.50 वर. ताकद साधारण दहा टक्क्यांनी उतरली. माल छान वाहायला लागला, मुकादम खूश, आणि कागदावर कुठेही काही लिहिलं गेलं नाही. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक वाटा राहतात. पावसाचं पाणी आणि हवा त्याच वाटांनी सळईपर्यंत पोचते.

पण मुकादमाची तक्रार खोटी नसते, हेही सांगायला हवं. घट्ट माल दाट सळयांच्या जाळीत उतरतच नाही. काँक्रीटमध्ये कोंडलेली हवा बाहेर काढावी लागते. पाच टक्के पोकळी राहिली तर जवळपास तीस टक्के ताकद जाते, हा काँक्रीटच्या पाठ्यपुस्तकांतला जुना आकडा आहे. म्हणून नीडल व्हायब्रेटर. तो किती वेळ धरायचा, किती अंतरावर घालायचा, कधी काढायचा हे ज्याच्या हाताला कळतं तो माणूस साइटवर सोन्याच्या मोलाचा, आणि त्याची रोजंदारी मात्र सगळ्यांत खालची. तो कंटाळला, किंवा नीडल सळयांत अडकली, की कॉलमच्या पायथ्याशी खडी उघडी पडते. मग रात्री कोणीतरी सिमेंटचा लेप मारतं आणि सकाळी सगळं गुळगुळीत.

जपानमध्ये 1980 च्या दशकात हीच अडचण राष्ट्रीय चिंतेचा विषय झाली होती. कुशल बांधकाम मजूर कमी होत चालले होते आणि बांधकामं अपेक्षेपेक्षा लवकर खराब होत होती. तोक्यो विद्यापीठातले प्राध्यापक हाजिमे ओकामुरा यांनी 1986 साली वेगळा मार्ग सुचवला : कामगाराच्या हातावर विसंबायचंच नाही, काँक्रीटच असं करायचं की ते स्वतःच्या वजनाने साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसेल. त्यांचे सहकारी काझुमासा ओझावा यांनी 1988 साली पहिला नमुना तयार केला. इंग्रजी नाव सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, साइटवर नुसतं एससीसी.

यातली खुबी अशी की माल वाहता करायचा, पण पाणी वाढवायचं नाही. त्यासाठी खडी कमी करतात आणि बारीक भुकटी वाढवतात : सिमेंट, फ्लाय ॲश, स्लॅग, दगडाची पूड. जोडीला पॉलिकार्बॉक्झिलेट जातीचं केमिकल, तेही 1980 च्या दशकात जपानमध्येच पुढे आलेलं. याचे लांब रेणू सिमेंटच्या कणांना चिकटतात आणि त्यांच्या बाहेर आलेल्या फांद्या कणांना एकमेकांपासून दूर धरतात. कण गोळे करून बसत नाहीत, त्यांच्यात अडकलेलं पाणी मोकळं होतं, आणि वरून थेंबही न घालता माल सैल पडतो. मात्र नुसता सैल माल कामाचा नाही. खडी तळाशी आणि पाणी वर, अशी फाटाफूट होता कामा नये. वाहायचं, पण एकत्र राहून वाहायचं. सगळ्या चाचण्या या एका अटीभोवती फिरतात.

साध्या काँक्रीटचा स्लम्प कोन सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हाताळलेला असतो. पत्र्याचा शंकू, उंची 300 मिलिमीटर, खाली 200, वर 100. थर भरायचे, प्रत्येक थराला सळईने पंचवीस ठोसे, शंकू उचलायचा आणि माल किती खचला ते मोजायचं. एससीसीला ठोसे मारायचे नसतात, कारण ठोशांशिवाय बसणं हाच तर त्याचा दावा. आणि खचणं मोजून उपयोग नाही, तो खचून खचून सपाटच होतो. म्हणून इथे उंचीऐवजी पसरलेल्या मालाची रुंदी मोजतात.

900 मिलिमीटर चौरस लोखंडी थाळा पाणसळीने सपाट लावतात. त्यावर दोन वर्तुळं कोरलेली : आतलं 200 चं, बाहेरचं 500 चं. थाळा आधी ओल्या फडक्याने पुसायचा. कोरडा राहिला तर तो पाणी ओढतो, पाणी साचलं तर आकडा फुगतो. शंकू मधोमध ठेवून एका दमात भरायचा. त्यात साडेपाच लिटर, म्हणजे तेराएक किलो माल मावतो. मग शंकू सरळ वर उचलायचा, एक ते तीन सेकंदांत, धक्का न देता. माल धिरड्यासारखा गोल पसरत जातो. एका हातात स्टॉपवॉच : काठ 500 च्या वर्तुळाला टेकायला किती सेकंद लागले? हा टी-500. पसरणं थांबलं की सगळ्यांत मोठा व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास मोजून सरासरी काढायची. हा स्लम्प फ्लो. दोन व्यासांत 50 मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा करायचं.

युरोपच्या 2005 सालच्या मार्गदर्शिकेत स्लम्प फ्लोचे तीन वर्ग आहेत : 550 ते 650, 660 ते 750 आणि 760 ते 850 मिलिमीटर. पहिला साध्या, कमी सळयांच्या कामाला, मधला भिंती-कॉलमना, तिसरा अगदी दाटीच्या जाळीला. आयएस 456 या आपल्या काँक्रीटच्या मानकात 2007 च्या दुरुस्तीने एससीसीचं परिशिष्ट आलं, त्यात किमान 600 मिलिमीटरची अट आहे.

इथपर्यंतचं कुणीही शिकतो. खरी नजर लागते ती पुढे. समजा, दोन गाड्या आल्या आणि दोन्हींचा स्लम्प फ्लो 700 भरला. पहिल्या गाडीचा माल सेकंदभरात 500 पार करून गेला, काठाला चकाकणारं पाणी सुटलं आणि मधोमध खडीचा ढीग उघडा बसला. दुसरीचा माल चार सेकंद घेत जडपणे सरकला, आणि काठाच्या शेवटच्या बोटभर पट्टीतही खडीचे दाणे मध्यासारखेच विखुरलेले होते. वहीत दोन्हींपुढे आकडा एकच : 700. पहिल्या गाडीत पाइप लागला होता, दुसरीत नव्हता. 700 च्या व्यासाला मालाचा थर सरासरी जेमतेम 14 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात 20 मिलिमीटरची खडी डोकं वर काढणारच, त्यामुळे ती कुठे आहे हे लपत नाही. म्हणून मी म्हणेन, टेप लावण्याआधी थाळ्याभोवती एक चक्कर मारावी. आकडा त्यानंतर.

स्लम्प फ्लो आणि टी-500 या दोन आकड्यांमागे शास्त्र आहे. अमेरिकेतले युजीन बिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग आणि चिखलासारख्या पदार्थांचा अभ्यास करताना दाखवलं की असे पदार्थ पाण्यासारखे वागत नाहीत. ते हलायला आधी काही किमान जोर लागतो, आणि एकदा हलले की किती जडपणे वाहतात ही वेगळीच गोष्ट. ताज्या काँक्रीटला हे दोन्ही लागू आहे. माल किती लांब पसरून थांबला हे पहिल्या गुणाचं माप, 500 पर्यंत किती वेळ लागला हे दुसऱ्याचं. पाणी घातलं की दोन्ही एकदम ढासळतात. केमिकलने मुख्यतः पहिला उतरतो, दुसरा बराचसा टिकतो. म्हणून एकाच आकड्यावर विसंबणारा फसतो.

उरलेल्या चाचण्या भरभर सांगतो. व्ही-फनेल हे दहा लिटरचं नरसाळं, तळाला 65 बाय 75 मिलिमीटरचं दार. दार उघडायचं, वरून आत डोकावत राहायचं, आणि खालून उजेड दिसला की घड्याळ बंद. आठ सेकंदांच्या आत रिकामं झालं तर माल हलका, नऊ ते पंचवीसच्या दरम्यान तर जड जातीचा. पाच मिनिटं भरून ठेवून पुन्हा सोडला आणि वेळ फार वाढला, तर खडी खाली बसू लागली आहे. जे-रिंगमध्ये शंकूभोवती 300 मिलिमीटरचं सळयांचं कडं ठेवतात. कड्यासह आणि कड्याशिवाय पसरण्यात 25 मिलिमीटरपर्यंत फरक आला तर चिंता नाही, 50 च्या वर गेला तर सळयांनी माल अडवला. एल-बॉक्समध्ये उभ्या कप्प्यातला माल तीन सळयांमधून आडव्या कप्प्यात सोडतात. टोकाशी उंची सुरुवातीच्या किमान आठ दशांश हवी. आणि चाळणी : दहा लिटर माल पंधरा मिनिटं झाकून ठेवायचा, वरचा 4.8 किलो अर्ध्या मीटरवरून 5 मिलिमीटरच्या चाळणीवर ओतायचा, दोन मिनिटांत खाली किती गळलं ते तोलायचं. वीस टक्क्यांहून जास्त गळला तर तो माल परत. आपल्याकडे या चाचण्यांसाठी आयएस 1199 चा सहावा भाग 2018 साली आला, आणि मिश्रण कसं ठरवायचं ते आयएस 10262 च्या 2019 च्या आवृत्तीत. म्हणजे नियम नाहीत ही सबब आता चालणार नाही.

जपान्यांनी याहून पुढची गोष्ट केली, आणि मला ती सगळ्यांत आवडते. साधं काँक्रीट एखाद्या गाडीत थोडं बिघडलं तर व्हायब्रेटर जास्त चालवून भागतं. एससीसीत ती सोय नाही; एक गाडी चुकली की भिंतीत तेवढी पोकळी कायमची. मग तीन गाड्यांमागे एकीची चाचणी करून काय उपयोग? जपानी संशोधक ओउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी आणि पंप यांच्या मधोमध सळया बसवलेली एक पेटीच ठेवली. प्रत्येक गाडीचा सगळा माल तिच्यातूनच जाणार. गेला तर पास, अडकला तर तिथेच थांबला. ओसाका गॅसच्या द्रवरूप वायूच्या टाकीच्या कामावर ही पेटी वापरली गेली. त्या कामावर एससीसीमुळे काँक्रीटचे कामगार 150 वरून 50 वर आले आणि मुदत 22 महिन्यांवरून 18 वर. आकाशी काइक्यो पूल 1998 साली खुला झाला, मधला गाळा 1,991 मीटरचा. त्याचे केबल धरून ठेवणारे दोन प्रचंड ठोकळे याच काँक्रीटने भरले, 2 लाख 90 हजार घनमीटर. मुदत अडीच वर्षांवरून दोन वर्षांवर आली.

महाराष्ट्रात याची नोंद घ्यावी असं काम झालं तारापूरला, आताच्या पालघर जिल्ह्यात. अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या, 540 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांसाठी जो पंप हाउस बांधला, त्यात एससीसी वापरलं. त्यावरचा लेख 'इंडियन काँक्रीट जर्नल'च्या जून 2004 च्या अंकात आहे. त्याच वेळी कारवारजवळच्या कैगा प्रकल्पासाठी प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष आकाराच्या नमुन्यांवर केलेल्या चाचण्यांची हकिकतही छापून आली, लेखक एस. जी. बापट, एस. बी. कुलकर्णी आणि के. एस. बांदेकर. अणुभट्टीच्या बांधकामात सळयांची दाटी इतकी की व्हायब्रेटरची नीडल शिरायला जागा सापडत नाही, आणि पोकळी राहिलेली परवडत नाही. कैगाच्या लोकांनी आधी नमुना भरून बघितला, ही शिस्त मला लेखातल्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते.

गंमत अशी की त्याच सुमाराला सह्याद्रीत घाटघरला अगदी उलट टोकाचं काम चालू होतं. तिथल्या 250 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाची धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, भारतात पहिल्यांदा. तो माल इतका कोरडा की त्याचा स्लम्प शून्य. डंपरने टाकायचा, डोझरने पसरायचा, रोडरोलरने चेपायचा. एकाच राज्यात, एकाच दशकात, एक काँक्रीट अजिबात वाहू नये म्हणून धडपड आणि दुसरं आपोआप वाहावं म्हणून. दोन्हीकडे शत्रू एकच, आत कोंडलेली हवा.

मराठवाड्यात हे करायचं तर काय लागेल? खडी भरपूर आहे, काळ्या पाषाणाची. पण क्रशरवर दगड नीट फुटला नाही तर तुकडे चपटे, लांबोडके निघतात आणि ते सळयांमध्ये आडवे अडकतात. अशा खडीला जे-रिंग लगेच पकडते. गोदावरीची वाळू गोल दाण्याची आणि वाहायला सोयीची, पण ती मिळणं आणि कायदेशीर मिळणं या आता दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. क्रश सँडला धार असते, ती केमिकल आणि भुकटी जास्त मागते. फ्लाय ॲश परळीच्या वीज केंद्रातून येऊ शकते. तिचे कण गोल, त्यामुळे माल घसरता होतो.

खरा खलनायक मात्र वाळूतला ओलावा. घनमीटरमागे 850 किलो वाळू धरली तर ओलाव्याच्या अंदाजात एका टक्क्याची चूक म्हणजे साडेआठ लिटर पाणी. साध्या काँक्रीटला ते पचतं. एससीसीचा थाळा त्याने 650 वरून 750 वर जाऊ शकतो, किंवा फाटतो. रात्री सरीवर सर पडून गेली आणि सकाळी ऑपरेटरने कालच्याच आकड्यांवर प्लांट चालू केला, की दिवसाची पहिली गाडी गेली म्हणून समजा. एप्रिल-मेचं ऊन उलट करतं : प्लांटवर 700 भरलेला माल पैठण रोडच्या गर्दीत तासभर तापला की साइटवर 550 ला येतो. म्हणून चाचणी दोन्हीकडे हवी, निघताना आणि पोचल्यावर. पोचल्यावर कमी भरला तर प्लांटच्या माणसाने केमिकलचा मोजून डोस द्यावा. पाइपला हात लावायचा नाही.

शटरिंगवाल्यालाही आधी सांगावं लागतं. हा माल भरला की पाण्यासारखा चहूकडे दाबतो. तीन मीटर उंच कॉलम झपाट्याने भरला तर तळाशी दर चौरस मीटरला सात टनांहून जास्त दाब. नेहमीच्या टेकूंवर भिस्त ठेवली तर साचा फुटतो. फटींतून पेस्ट गळते ते वेगळंच.

खर्चाचं विचाराल तर हो, घनमीटरला हा माल महाग पडतो. भुकटी जास्त, केमिकल महाग, प्लांटवर जाणता माणूस हवा. आपल्याकडे ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर असतं : मजूर स्वस्त आहेत, कशाला हे लाड? मला हे पटत नाही. ऊसतोडीला जाणारा, मधल्या महिन्यांत बांधकामावर येणारा माणूस स्वस्त असेल. नीडल कुठे आणि किती वेळ धरायची हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि त्या कंपनाने वर्षानुवर्षांनी बधिर होणारी बोटं त्याचीच असतात. हात भरपूर आहेत म्हणजे कुशल हात भरपूर आहेत असं नाही. तरीही प्रत्येक घराचा स्लॅब एससीसीने भरा असं मी म्हणणार नाही. दोन मजली घराला साधं काँक्रीट आणि नीट चालवलेला व्हायब्रेटर पुरे. यंत्रांचे दाट सळयांचे पाये, प्रीकास्टचे साचे, पुलांचे खांब, पाण्याच्या टाक्यांच्या पातळ भिंती ही एससीसीची खरी कामं, आणि चितेगाव-बिडकीनच्या पट्ट्यात पुढची काही वर्षं ती कमी पडणार नाहीत.

पण थाळा आणि शंकू मात्र सगळ्यांनी घ्यावा, साधा स्लम्प असो की स्लम्प फ्लो. आपल्याकडे काँक्रीटची परीक्षा म्हणजे क्यूब. ते भरून ठेवायचे, 28 दिवसांनी फोडायचे. तोवर त्या मालावर आणखी एक मजला चढलेला असतो. क्यूब नापास झाला तरी कोण स्लॅब फोडणार? शिवाय क्यूब बहुतेकदा पाइप लावण्याआधीच्या मालातून भरतात. थाळ्यावरची चाचणी पाच मिनिटांत होते आणि माल साच्यात जायच्या आधी होते.

तेव्हा घर बांधत असाल, सोसायटीच्या समितीवर असाल किंवा कारखान्याचा शेड उभारत असाल, तर गाडी आली की चलनावर सही करण्याआधी तीन गोष्टी मागा : प्लांटवरून निघालेली वेळ, तुमच्यासमोर काढलेला स्लम्प किंवा स्लम्प फ्लो, आणि त्यानंतर ड्रममध्ये पाणी गेलं नाही असं चलनावर लिहून घेतलेलं. जो पुरवठादार हे लिहून द्यायला का-कू करेल, त्याची गाडी परत पाठवा.